खंडेनवमीच्या आठ बॅटऱ्या

कॉम्प्युटर मला चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको. चौथीच्या वर्गात दोन वर्षं बसलो. तिसऱ्या वर्षी मास्तरच म्हणाले, "बिरू, तुझी मेंढरं वाट बघत असतील रे." आमचं गाव माळशिरसच्या अंगाला. काही वर्षं मेंढरं राखली, मग पोटासाठी सोलापुरात आलो आणि एका दुकानात ट्रकच्या बॅटऱ्या उचलायला लागलो. ॲसिड उडून शर्टाला भोकं पडायची. बायको म्हणायची, "ह्यो शर्ट हाय का चाळण?" त्याच चाळणीवर दोन पोरं शिकली, हे तिला आता मान्य आहे.

तर कॉम्प्युटर येत नाही. पण सोलापुरात जिथं जिथं मोठा कॉम्प्युटर बसला, सर्व्हर म्हणतात तो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लाईट गेल्यावर त्याला जिवंत ठेवणारा हात माझा होता. इंजिनियर यायचे, ते वर पडद्याकडं बघायचे. मी खाली बघायचो. बॅटऱ्या खाली असतात.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मामा, तुमच्या धंद्याचं लिहा, लोकांना माहीत नसतं." हे त्यांचं खरं आहे. लोकांना वाटतं बॅटरी म्हणजे डबा, आणला, ठेवला, विसरला. बॅटरी जनावर आहे. तिला पाणी लागतं, वारा लागतो, अंग पुसावं लागतं. तिच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडतात त्या बोंडावर, पांढरा हिरवा खार चढतो. तो सोड्याच्या पाण्यानं धुवावा लागतो. सोडा म्हणजे भजीत घालतात तोच. आणि प्यायला फक्त डिस्टिल वॉटर. दुसरं काही नाही.

करकंबच्या एका दूध संकलन केंद्राचा फोन आला, की यूपीएस पाच मिनिटंसुद्धा धरत नाही. गेलो. बॅटरीचं झाकण उघडलं तर आत चुन्याची भट्टी लावल्यागत पांढरं. तिथल्या कारकुनाला विचारलं, "पानी टाकता का?"

"टाकतो की, वेळच्या वेळी."

"कुटलं?"

"बोअरचं. आमच्या म्हशी त्येच पित्यात. त्यान्ला काय झालं न्हाय."

"मग यूपीएसला म्हशीच लावा," मी म्हणालो. गडी आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, पण पुढं डिस्टिल वॉटरचा कॅन आणून ठेवायला लागला. सोलापुरातल्या एका ऑफिसात साहेबांनी चहाची इलेक्ट्रिक किटली यूपीएसला लावली होती. लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडायचा आणि चहा मात्र उकळायचा. मी किटलीचा प्लग उपटला तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "ज्याच्या जिवावर तुमचा चहा चालला होता तो." असं तोंड होतं माझं. त्या तोंडानं गिऱ्हाइकं गेली पण बॅटऱ्या वाचल्या.

एवढं बढाईचं. आता जे सांगायचं ते माझ्या चुकीचं आहे.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. वैरागच्या बाजारात मालाची गाडी आली की हमाल पोती थेट गोदामात नेत नाहीत. आधी बाहेरच्या ओट्यावर भराभर उतरवतात. गाडी मोकळी होऊन जाते. मग सावकाश एकेक पोतं आत नेऊन थप्पी लावतात. गाडीवाल्याला वाटतं माल आत गेला. पण माल अजून ओट्यावर असतो. सर्व्हरचं तसंच आहे. आतल्या डिस्का म्हणजे गोदाम, त्या हळू लिहितात. म्हणून आत एक कार्ड असतं, त्याच्यावर हा ओटा. त्याला कॅश म्हणतात, रोकड नव्हे, नाव तसं आहे एवढंच. तुम्ही सेव्ह म्हणालात की माल ओट्यावर पडतो आणि मशीन म्हणतं, झालं. ते अजून झालेलं नसतं. त्याच वेळी लाईट गेली तर ओट्यावरचा माल भिजला समजा. आणि कधीकधी त्या मालात थप्पीची यादीच असते. यादी गेली की गोदाम भरलेलं असून शोधता येत नाही.

त्यासाठी दोन बंदोबस्त. पहिला खालचा, माझ्या मोठ्या बॅटऱ्यांचा. लाईट गेली तरी मशीन चालू राहतं, आणि सावकाश बंद करायला सवड मिळते. दुसरा वरचा, त्या कार्डालाच एक काडेपेटीएवढी बॅटरी जोडलेली असते. सगळंच गेलं तरी ती ओट्यावरचा माल धरून ठेवते, ताडपत्री टाकल्यागत. नवी असली तर तीन दिवस धरते म्हणतात. तेवढ्यात लाईट परत आली की कार्ड माल आपसूक आत नेऊन लावतं. ताडपत्री टाकलेली असते तेव्हा कार्डावर एक बारका हिरवा दिवा लुकलुकतो. बस, एवढंच ज्ञान. हे मला पुण्याच्या एका इंजिनियरनं सांगितलं आणि मी पाठ केलं.

तर अण्णांचा कारखाना. चादरी आणि टॉवेलचा. अण्णा म्हणजे कारखान्याचे मालक, सत्तरीचे, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. त्यांच्याकडं मी वीस-बावीस वर्षं बॅटऱ्या बघितल्या. तिथं डिझाइन खात्यात नागमणी. वय पंचेचाळीस असेल, पण ती कामाला लागली त्या दिवसापासून मी तिला बघितलेली, म्हणून अगं-तुगं. तिचे वडील राजय्या मास्तर. चादरीवरचा मोर, हत्ती, वेलबुट्टी, किनार, हे सगळं कुणीतरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढावं लागतं. कुठला धागा उचलायचा, कुठला सोडायचा. राजय्या मास्तरांनी ते जन्मभर केलं. आधी त्याचे भोकाभोकांचे पुठ्ठे बनायचे आणि मागाच्या डोक्यावर लटकायचे. आता पुठ्ठे गेले. डिझाइन सर्व्हरमध्ये असतं आणि तिथून वायरीनं मागाला जातं.

मास्तरांचे जुने कागद पत्रा गळून एका पावसात लगदा झाले. आणि काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. पण डोक्यात सगळं शाबूत. म्हणून नागमणीनं ठरवलं, की नान्ना, म्हणजे वडील, सांगतील आणि आपण कॉम्प्युटरमध्ये भरायचं. चार महिने रोज दुपारी मास्तर तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे, मांडीवर बोटं नाचवायचे आणि सांगायचे, "दोन उचल, तीन सोड, दोन उचल…"

"नान्ना, हळू."

"हळू सांगितलं तर विसरतो. तू लवकर लिही."

मी पाणी टाकायला गेलो की ते ऐकत बसायचो. वाटायचं, आमच्याकडं म्हातारी माणसं ओव्या म्हणतात तसं आहे हे. एक धागा चुकला तर पुढचं सगळं अडतं.

त्याच सुमाराला पुण्याचा तो इंजिनियर आला होता. म्हणाला, "मामा, हे कार्ड बदला. नव्या कार्डात बॅटरी नसते, कपॅसिटर असतो. लाईट गेली की तो क्षणभर दम धरतो, तेवढ्यात ओट्यावरचा माल कार्डातल्याच पक्क्या पेटीत ठेवला जातो. मग महिनाभर लाईट आली नाही तरी चालतं."

अण्णांनी मला विचारलं, "बिरू, काय करायचं?"

मी म्हणालो, "क्षणभर दम धरणारे लई बघितले, अण्णा. बॅटरीशिवाय काय खरं न्हाय. हाय ती चांगली चालतीय."

चार वर्षांची होती ती कार्डावरची बॅटरी, म्हणजे म्हातारी. मला माहीत होतं. पण बॅटरी नको असं म्हणणारं कार्ड माझ्या हातानं बसवायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरेना. अण्णांनी माझं ऐकलं. माझंच ऐकायचे ते.

खंडेनवमीला कारखान्यात मोठी पूजा असते. माग धुतात, पुसतात, झेंडूचे हार घालतात. हलगीवाले येतात. मग मेन स्विच खाली ओढायचा आणि दसरा होईपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही, हा अण्णांच्या वडिलांपासूनचा दंडक. मेन ओढायचा मान माझा. मालकाच्या मुलाचा नाही, फोरमनचा नाही, माझा. नव्या टोपीत जायचो.

माझी आणखी एक रीत होती, माझी मीच पाडलेली. खंडेनवमीला सगळे आपापली हत्यारं पुजतात. माझ्या बॅटऱ्यांनी काय पाप केलं? म्हणून सकाळीच यूपीएसच्या आठही बॅटऱ्यांच्या वायरी सोडायचो, अंगणात ओळीनं मांडायचो, सोड्याच्या पाण्यानं खार काढायचो, पुसून उन्हात वाळवायचो. मग लाल टर्मिनलला कुंकू, काळ्याला हळद, आणि प्रत्येकीला हार. लोक बघायला थांबायचे. हे सगळं करायच्या आधी नागमणी तिच्या खोलीतून सर्व्हर बंद करायची आणि मला हाक मारायची, "मामा, झोपलं!" मग मी वायरी सोडायचो. दर वर्षी असंच.

त्या वर्षी हाक आली नाही. मी खोलीच्या दारातून डोकावलं, पडदा काळा. नागमणी नाही. मला वाटलं, बंद करून गेली असेल. पडदा काळा म्हणजे पडदाच बंद असतो, सर्व्हर नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्यांना मीच सांगायचो. पंख्याचा आवाज ऐकायला पाहिजे होता. पण बाहेर हलगी कडाडत होती, आणि माझ्या डोक्यात माझ्या बॅटऱ्यांचं प्रदर्शन. सोडल्या वायरी. अकराच्या सुमाराला अण्णांनी नारळ फोडला, मी टोपी सारखी केली आणि मेन ओढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नागमणी त्या वेळी घरून वडिलांना रिक्षातून घेऊन दारात उतरत होती. आल्या आल्या म्हणाली, "मामा, सर्व्हर चालू ठेवून गेले होते मी. शेवटची मोराची किनार सेव्हला लावली आणि नान्नांना आणायला पळाले. म्हणलं, मी आल्याशिवाय तुम्ही काय वायरी सोडणार नाही."

मी तिच्याआधी खोलीत गेलो. सर्व्हरला कुणीतरी हार घातला होता. तो बाजूला केला आणि मागच्या जाळीतून आत बघितलं. सगळं मशीन काळं, थंड. आणि आत, त्या कार्डावर, बारका हिरवा दिवा लुकलुकत होता.

मेंढरं राखताना एकदा ओढ्याच्या पुरात एक कोकरू दगडाला धरून राहिलेलं बघितलं होतं. तसंच वाटलं. धरून आहे, पण किती वेळ?

नागमणी मागं उभी होती. तिला त्या दिव्याचा अर्थ कळत होता. "वेगळ्या डिस्कवर नक्कल?" मी विचारलं.

"दिवाळीच्या सुट्टीत उतरवणार होते, मामा. जुनी नक्कल आहे, पण त्यात नान्नांचं काहीच नाही."

बाहेर मास्तर काठी टेकून हवेत विचारत होते, "एमैंदी? नागमणी, काय झालं?" थप्पीची यादी त्याच ओट्यावर असली तर मागचंही सगळं जाणार, म्हणजे चार महिन्यांची दुपार-दुपार त्या काडेपेटीएवढ्या बॅटरीवर लटकली होती. आणि मास्तर दिवसेंदिवस वाळत चालले होते. ते सगळं परत एकदा सांगतील की नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी अण्णांसमोर गेलो. हलगीवाले, कामगार, पाहुणे, सगळे जेवणाच्या पंगतीची वाट बघत उभे. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण टाळ्या सगळ्यांसमोर घेतल्या होत्या.

"अण्णा, माझ्या हातनं चूक झाली. सर्व्हर जिता हुता. मी न बघता वायरी सोडल्या आन मेन वढला. आत्ता करंट दिला न्हाय तर मास्तरांचं सगळं जाईल. आन ते जुनं कार्ड, तेबी माझ्याच हट्टानं ऱ्हायलं."

कुणीतरी मागून म्हणालं, "अरारा, बॅटरीवाल्यानंच बत्ती गुल केली." हसले चार जण. हसू दे.

अण्णा हसले नाहीत. सावकाश म्हणाले, "बिरू, दसरा होईपर्यंत मेन उचलायचा नाही."

"अण्णा…"

"माझ्या लहानपणी एकदा खंडेनवमीला घाईची ऑर्डर होती. वडिलांनी एक माग चालू केला. त्या मागावर चंद्रय्या नावाच्या कामगाराची तीन बोटं गेली. तेव्हापासून वडिलांनी शपथ घेतली आणि मरताना माझ्याकडून घेतली. पूजा झालेल्या यंत्राला करंट नाही. तू मला दुसरं काहीही माग."

ही हेकटपणाची गोष्ट नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढं ती बोटं होती. मी हेकट आहे, मला दुसऱ्याचा हेका आणि दुसऱ्याचं दुःख यातला फरक कळतो.

अण्णांच्या मंडळी, अक्का, आरतीचं ताट घेऊन तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बिरूभाऊ, मला नीट समजावून सांगा. काय विझलं आणि काय राहिलं?"

मी ओटा, ताडपत्री सांगायला लागलो, आणि त्यांच्या हातातल्या निरांजनाकडं बघून थांबलो. नवरात्रात त्यांच्या घरी नऊ दिवस अखंड दिवा असतो. मी सांगितलं, "अक्का, तुमच्या नवरात्राच्या दिव्याची वात बदलायची असली की काय करता?"

"आधी शेजारी धाकटा दिवा लावायचा, मोठ्यावरनंच. मग मोठ्याची काजळी काढायची, वात बदलायची, आणि धाकट्यावरनं मोठा परत लावायचा. ज्योत तुटू द्यायची नाही."

"मेन म्हंजे मोठा दिवा. माझ्या बॅटऱ्या म्हंजे धाकटा. मी आधी धाकटा इझवला आन मग मोठा."

अक्कांनी ताट खाली ठेवलं. "म्हणजे आता कुठंच ज्योत नाही?"

"एक हाय. आत, काडेपेटीएवढ्या बॅटरीवर. लुकलुकतीय अजून. पर तिच्यात तेल किती हाय ते मला सांगता येत न्हाय."

अक्का अण्णांकडं वळल्या. आधी तेलुगूत काहीतरी बोलल्या, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत. "तेवत्या दिव्यात तेल घालायला कुणी मुहूर्त बघतं का हो?"

अण्णांनी ताटातल्या निरांजनाकडं बघितलं. मग म्हणाले, "तेल घाला. पण मेन नाही."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचा तो यूपीएस जुन्या घडणीचा, दणकट. बटण दाबून धरलं की मेन नसताना नुसत्या बॅटरीवर उठतो. मी म्हणालो, "मेन नकोच, अण्णा. माग जागचे हलणार न्हायत. माझ्या आठजणी भरलेल्या हायत."

"त्यांची पण पूजा झालीय."

"झाली म्हणून काय झालं? आता तर त्यान्ला जास्तच जोर असंल."

अण्णांच्या मिशीत हसू दिसलं मला. त्यांनी मान हलवली.

मग पळापळ. ज्यांनी मघाशी हसून घेतलं त्यांनीच दोघा-दोघांनी एकेक बॅटरी उचलून आत आणली, हारासकट. मी जमिनीवर मांडी घालून जोडायला बसलो. आठ बॅटऱ्या एकीच्या पाठीला एक जोडायच्या. एकीचा लाल, दुसरीचा काळा. एक जरी उलटी लागली तर यूपीएस जळतो आणि मग कुठला देव येत नाही. हे काम मी डोळे मिटून केलेलं, पण त्या दिवशी पाना घसरत होता. नागमणीनं तो माझ्या हातातून घेतला. "मामा, तुम्ही बोट ठेवा, मी आवळते."

"कुंकू आन हळद," मी म्हणालो. "कुंकवाला हळद लाव. कुंकू कुंकवाला लागलं की संपलं."

"कुंकवाला हळद," ती म्हणत गेली आणि आवळत गेली. माझी ती मिरवायची रीत होती, तिचा असा उपयोग होईल हे मला कुठं माहीत?

बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. यूपीएसनं शिटी मारली, कण्हला, आणि उठला. नागमणीनं सर्व्हरचं बटण दाबलं. पंखे फिरायला लागले. पंख्याचा तो आवाज सकाळी मी ऐकायला पाहिजे होता. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. मी जाळीला डोळा लावून बसलो. हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, कॅशमध्ये राहिलेला डेटा सापडलाय, डिस्कवर लिहितोय. थांबा म्हणतंय."

थांबलो. हलगीवालेसुद्धा दारात गर्दी करून थांबले, ज्यांचा यातल्या कशाशी संबंध नव्हता. मग दिवा लुकलुकायचा थांबला. मी उठलो नाही, कारण दिवा दोन कारणांनी थांबतो: माल आत लागला म्हणून, नाहीतर तेल संपलं म्हणून. बाहेरून बघून कळत नाही.

नागमणीनं मोराची किनार उघडली. पडद्यावर चौकटी भरत आल्या. तिला विश्वास वाटेना. मास्तर स्टुलावर येऊन बसले होते. म्हणाले, "मानेची ओळ वाच. सतरावी."

ती वाचायला लागली, "दोन उचल, तीन सोड, दोन उचल, चार सोड…"

"थांब. चार न्हवं, तीन."

"नान्ना, इथं चारच आहे."

"मी तीन सांगितलं होतं. बारावी ओळ लिहिताना तू चहा घेतलास, तेव्हापासून तुझं लक्ष नव्हतं."

नागमणीनं ओळ परत मोजली, चारच होते. मग अक्का हसायला लागल्या, मग अण्णा, आणि नागमणी रडायला लागली. तिनं केलेली चूकसुद्धा जशीच्या तशी राहिली होती. मास्तरांना कळेना, एवढं हसण्यासारखं काय आहे. ते म्हणत राहिले, "अगं, तीन कर ते आधी."

"आत्ता नाही नान्ना, दसरा झाल्यावर," ती डोळे पुसत म्हणाली आणि अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "व्हय. तेल घालायचं ठरलंय, वात बदलायची नाही." तिनं सर्व्हर रीतसर बंद केला, पंखा थांबेपर्यंत आम्ही ऐकत उभे राहिलो, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "मामा, झोपलं!" सकाळची हाक मला अशी दुपारी मिळाली. मग पंगत बसली. माझ्या पानात अण्णांनी स्वतः जिलबी वाढली, म्हणाले, "खा. बत्ती लावलीस."

दसऱ्यानंतर मी स्वतः अण्णांना म्हणालो, ते नवं कार्ड आणा. इंजिनियर पुण्याहून आला, मला डिवचायला विसरला नाही. "काय मामा, बॅटरीशिवाय चालेल ना?"

"तुमच्या कार्डाला नसंल," मी म्हणालो, "खाली आठ हायत की माझ्या." पण त्या जुन्या कार्डाची छोटी बॅटरी मी त्याला टाकू दिली नाही. घरी आणून डबीत ठेवली. फुगली होती ती एका अंगानं. किती तास राहिले होते तिच्यात, की मिनिटं, ते आता कुणालाच कळणार नाही. आणि मला त्या खंडेनवमीच्या आधीच हो म्हणता आलं असतं, हे ती डबीतून मला सांगत असते. नागमणी आता दर शनिवारी नक्कल उतरवते आणि ती डिस्क अक्कांच्या कपाटात जाते, चांदीच्या भांड्यांशेजारी.

मी आता काम सोडलं. गुडघे ॲसिड पडल्यागत चुरचुरतात. पण खंडेनवमीला अण्णा रिक्षा पाठवतात. बॅटऱ्यांची आंघोळ आता घटस्थापनेच्या आधीच उरकते. पूजेच्या दिवशी त्या जोडलेल्या राहतात आणि तशाच हार घालून घेतात. मेनला हात लावायच्या आधी अक्का कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभ्या राहतात. हलगी थांबवतात. आधी नागमणीला विचारतात, "सर्व्हर झोपला?"

"झोपला, अक्का."

मग माझ्याकडं बघून, "आणि धाकटा दिवा?"

"लावलेला हाय," मी म्हणतो. मग मेन ओढतो. मान अजून माझाच आहे. टाळ्या मात्र आता त्या उत्तराला पडतात.

राजय्या मास्तर अजून स्टुलावर बसतात. मोर संपला, आता हत्ती चालू आहेत. मोराची ओळ त्यांनी दुरुस्त करून घेतली, पण त्याआधी नागमणीनं वडिलांना न सांगता एक चादर तशीच विणून घेतली आणि मला आणून दिली. ती माझ्या पलंगावर असते. तुम्ही बघितलं तर कळणार नाही, पण मास्तरांनी एकदा घरी आल्यावर तिच्यावरून बोटं फिरवली आणि सतराव्या ओळीवर थांबले.

"बिरू, तुझ्या मोराची मान जाड आहे."

"असू द्या, मास्तर," मी म्हणालो. "लई कष्टानं राखलीय ती."